साहेबांची पावलं

३ फेब्रुवारी

सत्यानाश! काल दिवसभर लाटलेल्या मातीच्या टाइल्स खिडकीखाली सुकायला मांडल्या होत्या. गुळगुळीत, काठ तारेने कापलेले, वहिनींनी पहिल्यांदाच 'बऱ्या झाल्यात' म्हटलेल्या. आज सकाळी कारखान्याचं कुलूप उघडून बघते तर या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं! मांजराची! चार बोटं आणि मागे गादी, ठसठशीत. मध्ये एका ठिकाणी महाशय थांबलेत, वळून मागे बघितलंय, आणि मग मनाशी काहीतरी ठरवून पुढे निघालेत. शेवटच्या टाइलवरून खिडकीत उडी. तिथे नखांच्या रेघा.

वहिनी आल्या, बघितलं, म्हणाल्या, "मोडून टाक. माती परत भिजत घाल." आणि चाकावर जाऊन बसल्या. दिवसाच्या ठरलेल्या कुंड्या सुरू.

मी मोडायला घेतल्या. मोडवेना! एवढं स्वतःच्या तोऱ्यात चाललेलं कुणी मी कित्येक दिवसांत पाहिलं नाही. वहिनींची पाठ होती माझ्याकडे. टाइल्स पाटीत घातल्या, वर ओलं फडकं टाकलं आणि मांडणीच्या तळाशी सरकवल्या.

एकोणपन्नास वर्षांची बाई मी. चोरून टाइल्स लपवते!

५ फेब्रुवारी

आरोपी सापडला. बोका आहे. राखाडी, डावा कान फाटका, पुढचे दोन पाय पांढरे, हातमोजे घातल्यासारखे. खिडकीतून आत येतो, मांडणीच्या कडेकडेने चालतो, प्रत्येक कुंडीचा वास घेतो, एखाद्या कुंडीत डोकं घालून आतलं तपासतो, पाण्याच्या बादलीपाशी नापसंतीने थांबतो आणि दारातून निघून जातो. आमच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

ऑफिसात आमचे मोठे साहेब अस्सेच यायचे. हात मागे, टेबलाटेबलाशी थांबत, एक अक्षर न बोलता. ते गेल्यावर सगळ्यांना वाटायचं, आपलं काहीतरी चुकलंय.

तेव्हा नाव ठरलं. साहेब.

वहिनींना सांगितलं. हसल्या नाहीत. "खिडकीला जाळी बसवून घे," एवढंच.

१० फेब्रुवारी

दादा गेला त्याला दोन वर्षं होतील. तो असता तर या बोक्याला मांडीवर घेऊन चाक फिरवलं असतं त्याने. मी ऑफिस सोडून इथे आले ती वहिनींना हात द्यायला. मातीतलं मला काय कळत होतं! टाइल लाटता येते, कारण पोळी लाटता येते. बाकी सगळं वहिनी. सरळ कुंड्या, एकसारख्या, एकीवर एक रचल्या तर दुसरी ओळखू येणार नाही अशा. त्या बोलत नाहीत, मी बोलत नाही. चाकाची घरघर तेवढी.

आज मात्र भट्टी उघडली. विजेची भट्टी, दार उघडलं की तोंडावर गरम श्वास येतो. वरच्या फळीवर वहिनींच्या कुंड्या. खालच्या फळीवर, एकदम मागे, साहेबांच्या टाइल्स. मी गुपचूप भरल्या होत्या! तांबूस, खणखणीत भाजून निघालेल्या. एकही वाकडी नाही.

वहिनींनी कुंड्या काढता काढता त्या पाहिल्या. माझ्याकडे पाहिलं. "वन्सं!" म्हणाल्या.

वन्सं म्हटलं की समजायचं, मला बोलणी मिळणार आहेत. एरवी नुसतं 'अगं' असतं.

"वन्सं, या मोडायला सांगितल्या होत्या."

"मोडल्या नाहीत."

"ते दिसतंय. आणि वीज काय बोक्याच्या घरची आहे?"

मी म्हटलं, "बघा तरी, किती सुरेख पडलंय पाऊल. त्याला साधं पाऊल टाकायचं होतं, आणि झालं!" वहिनींनी कुंड्या काढणं चालूच ठेवलं. पण एक टाइल त्यांनी हातात जरा जास्तच वेळ धरली. मग म्हणाल्या, "फाटकापासून दारापर्यंत टाक. चिखल होतो तिथे."

टाकल्या! आता आमच्या दाराशी बोका आमच्याही आधी पोचलेला असतो.

१४ फेब्रुवारी

ऐक, ऐक, ऐक! (कुणाला सांगतेय मी? कागदाला! बरं, ऐक कागदा.)

आज एक बाई आल्या, दोन मोठ्या कुंड्या हव्या होत्या. फाटकातून आत आल्या आणि मध्येच थांबल्या. बघते तर एकेका पावलावर आपली चप्पल ठेवत, हात पसरून, तोल सावरत येतायत. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, गळ्यात चष्मा. दारात पोचल्या आणि खो खो हसत पायरीवरच बसल्या.

दातांच्या डॉक्टरीण आहेत. लहान मुलांचे दात. नवा दवाखाना काढतायत.

"माझ्याकडे येणारी पोरं दारातच भोकाड पसरतात हो," म्हणाल्या. "आई एका हाताला ओढते, पोर चौकटीला धरून बसतं. खुर्चीपर्यंत आणायचं म्हणजे कुस्ती! अशी पावलं मला दारापासून खुर्चीपर्यंत द्याल?"

वहिनी चाकावरून उठल्या. "बाई, जमिनीवर खड्डे असले की त्यात धूळ बसते."

"पुसून घेईन."

"तो बोका आमचा नाही."

"पण येतो ना?"

"येतो. मनात आलं तर."

"मग आलं की करा!" कुंड्या घेऊन निघून गेल्या. उद्घाटन एप्रिलच्या सुरुवातीला.

मी नाचायचीच बाकी होते. वहिनी हात पुसत म्हणाल्या, "झालं. आता मांजराच्या भरवशावर धंदा."

१७ फेब्रुवारी

टाइल्स लाटल्या. मांडल्या. या खेपेला सावलीत, तडकायला नकोत म्हणून. साहेब आले, टाइल्सना वळसा घालून गेले.

१८ फेब्रुवारी

पुन्हा वळसा. आज तर मांडणीवरून, टाइल्सच्या अगदी वरून गेले. वरून! आणि खाली बघितलं! मुद्दाम! मी पाहिलंय!

२१ फेब्रुवारी

मासळीचं डोकं. टाइल्सच्या त्या टोकाला बशीत ठेवलं. साहेब या टोकाला बसून राहिले. एकटक. आम्ही दोघी चहाचे कप धरून, श्वास रोखून. (वहिनीसुद्धा! 'मला काम आहे' म्हणत म्हणत थांबल्या होत्या.) मग साहेब उठले, बाहेर गेले, फाटकाला वळसा, मागच्या दाराने आत, डोकं उचललं, आल्या वाटेने परत.

वहिनी म्हणाल्या, "तुझ्यापेक्षा अक्कल आहे त्याला."

मग दोऱ्याला कागदाचा बोळा बांधून टाइल्सवरून ओढला. त्याच्यामागे मीच धावले. साहेबांनी जांभई दिली.

शेजारचे सुतारकाका कुंपणावरून हे सगळं बघत होते. काकांचा कारखाना आमच्या भिंतीला भिंत लावून आहे. म्हणाले, "ताई, बोक्याला पगार ठरवा. फुकट कोण चालतं?"

२३ फेब्रुवारी

आज वाईट केलं. साहेब मांडणीवर झोपले होते, मी उचलून घेतलं. एक पाय धरला आणि टाइलवर दाबला. एकच. म्हटलं, दाबून बघू कसा उठतो. तो जो किंचाळला! माझ्या मनगटावर तीन रेघा आणि एक कुंडी खाली. खिडकीतून गेला तो गेलाच.

टाइलवर उठलं ते पाऊलच नव्हतं. बोटं आवळलेली, नखं बाहेर. मुठीसारखं. मी लगेच मोडून टाकली ती टाइल.

वहिनींनी हाताला औषध लावलं. ओरडतील वाटलं होतं. ओरडल्या नाहीत. "घाबरलेलं पाऊल घेऊन घाबरलेल्या पोरांना काय दाखवायचं?" एवढंच म्हणाल्या. ते जास्त लागलं.

२४ फेब्रुवारी

साहेब आले नाहीत.

२५ फेब्रुवारी

नाहीत.

२७ फेब्रुवारी

सुतारकाकांनी लाकडाचा ठसा करून आणला. सागाच्या तुकड्यात कोरलेलं पाऊल, बोटं नीट घोटून गोल केलेली, धरायला मूठ. मी किती वेळा 'वा!' म्हटलं! काका फुशारून गेले.

टाइल्स लाटल्या, ठसे मारले. डावा-उजवा, डावा-उजवा. लांबून बघितलं. कुठेतरी काहीतरी बिनसलं होतं. काय ते कळेना. वहिनी आल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"हा बोका कवायतीला चाललाय का गं?"

बरोबर! एक-दोन, एक-दोन! दोन रांगा, मध्ये सारखं अंतर. बोका असा चालतच नाही. मग कसा चालतो? मला माहीत नाही! इतके दिवस तोंडाकडे बघत बसले, पायांकडे बघितलंच नाही.

२ मार्च

साहेब नाहीत तर दुसरी मांजरं. गल्लीच्या टोकाला किराणा दुकानात एक पिवळी आहे, पोत्यांवर झोपणारी. दुकानदाराला म्हटलं, "दारात थोडी मातीची पूड पसरू का?" त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग 'पसरा' म्हणाला. बहुधा घाबरून.

पिवळी चालली. आणि मला कळलं! कळलं, कळलं, कळलं! मागचा पाय पुढच्याच पायाच्या खड्ड्यात पडतो! जिथे एकदा पाऊल टाकून खात्री झाली, तिथेच दुसरं. म्हणून चार पायांचं जनावर आणि माग दोन पायांचा. आणि दोन रांगाही नाहीत, जवळजवळ एकच रेघ, जराशी नागमोडी, एखादी बाई दोरीवरून चालल्यासारखी.

तिथेच पोत्यावर बसून हिशेबाच्या चिठ्ठीच्या पाठीवर चित्र काढलं. मग दुसरं. शाळा सुटल्यापासून मी चित्र काढलं नव्हतं. पिवळीची पाठ एका रेघेत आली! एका! मानेपासून शेपटीपर्यंत पेन्सिल उचललीच नाही. दुकानदार म्हणाला, "हे तर हुबेहूब आहे." त्याच्याकडून साबणही घ्यायचा होता. साबण राहिला.

३ मार्च

वहिनींनी मला पकडलं. चार पायांवर.

म्हणजे असं. चाल समजली, पण ती हाताला कशी यायची? म्हणून ठसा उजव्या मुठीत घेतला आणि कारखान्याच्या जमिनीवर रांगत निघाले, खांदे खाली, मान पुढे, एकेक पाऊल शांतपणे टाकत. वळले तर दारात वहिनी, हातात चहाचे दोन कप.

मी तशीच. काय बोलणार? म्हटलं, "म्यांव."

आणि वहिनी हसल्या! आधी नुसतं नाकातून. मग कप खाली ठेवले, मग भिंतीला टेकल्या, मग भिंतही पुरेना. डोळ्यांतून पाणी. "अगं बाई गं... वन्सं... उठा... माझं पोट..." पलीकडून सुतारकाकांनी ओरडून विचारलं, काय झालं, कुणी पडलं का. त्यावर तर आम्ही दोघी जमिनीवरच!

दोन वर्षांनी ऐकलं हे हसू. मी विसरलेच होते, त्या हसताना हुंदका दिल्यासारखा आवाज काढतात.

८ मार्च

आता थांबतच नाहीये मी. सकाळपासून मांजरं. मगाला धरायचा कान म्हणून मांजराची शेपूट लावली. वाळताना गळून पडली. दुसरी लावली, ती भाजायच्या आधीच तुटली. झाकणावर झोपलेलं मांजर बसवलं. वहिनी म्हणाल्या, "हा बटाटा कोणाचा?"

बटाटाच होता, खरं सांगायचं तर. पण कान काढल्यावर एकदम मांजर झालं! दोन टोकं चिमटीत ओढली की बटाट्याला स्वभाव येतो. जादू आहे ही! कान मागे वळवले की रागावतं. एक पुढे एक मागे केला की कुणीतरी दार वाजवलंय.

मांडणीची एक फळी भरली. जाडं, रोडकं, आळशी, भांडकुदळ. एक तर अगदी आमच्या ऑफिसातल्या मोठ्या साहेबांसारखं झालंय! त्याला सगळ्यांत मागे ठेवलं.

११ मार्च

वहिनींनी जेवायच्या सुट्टीत, मी हात धुवायला गेले तेवढ्यात, चाकावर एक मांजर केलं. कुंडीसाठी घेतलेला गोळा, तोच वर ओढला, पोट आणलं, मान आवळली, बोटाने पाठीला एक बाक दिला, कान चिमटले. संपलं! मी आले तेव्हा चाक अजून हळूहळू फिरत होतं आणि मांजर सगळीकडे बघत होतं.

मला महिना लागला असता. मी म्हटलं, "वहिनी! अहो हे काय! तुम्ही हे आधी का नाही केलं?"

"कुंड्या मागतात लोक," म्हणाल्या. हात धुतले. नेहमीसारखे नखांच्या ब्रशाने, खसाखसा.

१५ मार्च

डॉक्टरीणबाई आल्या. मी ठशाच्या नव्या टाइल्स दाखवल्या. आता चाल बरोबर होती, एक रेघ, नागमोडी, पावलात पाऊल. त्यांना आवडल्या. "छान आहेत की! द्या ह्याच," म्हणाल्या.

मी हो म्हणणार होते. तोंड उघडलंच होतं.

"ह्या नाही देणार," वहिनी म्हणाल्या. चाकावरून, मान वर न करता.

"का हो?"

"सगळी पावलं एकाच पायाची आहेत. पोरं काही खुळी नसतात. एक जरी म्हणालं ना, हा खोटा बोका, तर तुमच्या सुईवर कसा विश्वास ठेवणार ते?"

डॉक्टरीणबाईंनी गळ्यातला चष्मा लावून टाइल्स पुन्हा बघितल्या. मग म्हणाल्या, "आणि खरा आलाच नाही तर?"

"तर साध्या टाइल्स देऊ. सपाट. पण खोट्या नाही."

बाई गेल्यावर मी वहिनींच्या गळ्यात पडले. मातीच्या हातांनी! त्यांनी ढकलून दिलं. "पुरे! साडी बघ माझी!"

१७ मार्च

आले! साहेब आले! फाटक्या कानाला नवी खपली, कुठेतरी मारामारी करून आलेत. खिडकीत बसले. मी जागेवरून हलले नाही. म्हटलं, माफ करा. मोठ्याने म्हटलं. वहिनी 'वेडी' म्हणाल्या.

साहेबांनी नेहमीची पाहणी केली. आणि या वेळी मी पायांकडे बघत होते. खिडकी, मांडणीची कड, खाली उडी, उन्हाच्या पट्ट्यातून बादलीपर्यंत, दार. रोज तीच वाट! ऊन सरकलं की वाटही तेवढी सरकते. पायाला गरम लागलं पाहिजे त्यांच्या!

मी म्हैस आहे, म्हैस! बोक्याला टाइल्सवर आणायचं नाहीच. टाइल्स बोक्याच्या वाटेवर न्यायच्या. उन्हात. आणि त्या पहिल्या दिवशी काय झालं होतं? टाइल्स खिडकीखाली होत्या, सकाळच्या उन्हात तापल्या होत्या!

वहिनींना सांगितलं. त्यांनी विचार केला. "माती जरा घट्ट ठेव. चिकट लागली की पाय झटकतो तो."

बघा! त्याही पायांकडे बघत होत्या तर!

२० मार्च

हात न धुताच लिहितेय!

भल्या सकाळी टाइल्स मांडल्या. खिडकीपासून दारापर्यंत, उन्हाच्या पट्ट्यात, एकीला एक चिकटून. शेवटी दारापाशी एक मोठी, जाड, कारण तिथे मांडायला लहान उरली नव्हती. मग आम्ही दोघी मांडणीमागे. बसायला काही नाही. वहिनी उलट्या कुंडीवर, मी जमिनीवर.

ऊन चढलं. साहेब खिडकीत आले. पहिल्या टाइलचा वास घेतला. एक पांढरा पंजा ठेवला. उचलला. पंज्याकडे बघितलं. मी वहिनींचं मनगट इतकं आवळलं की त्यांनी मला चापट मारली, आवाज न करता.

परत ठेवला. आणि निघाले! एक... दोन... पावलात पाऊल! उन्हात! शेपूट वर!

आणि तेवढ्यात पलीकडे सुतारकाकांनी करवत सुरू केली. घर्रर्र! साहेब थिजले. एक पाय हवेत. कान मागे. मी म्हटलं, संपलं! वहिनी उठल्या. त्यांचे गुडघे दुखतात, जिना चढताना दोनदा थांबतात. पण त्या मागच्या दाराने अनवाणी अशा पळाल्या! भिंतीपलीकडून कुजबुजत्या आवाजातलं ओरडणं ऐकू आलं: "बंद करा! अहो बंद करा ते! बोका चाललाय!" आणि काका: "कुठे?"

करवत थांबली. साहेबांनी तो हवेतला पाय हळूच खाली ठेवला. त्या टाइलवर तीन पावलं खोल उमटलीत, चौथं अगदी अलगद, विचार करून टाकलेलं. दिसतं ते! कळतं!

मग पुढे. पुढे. शेवटच्या मोठ्या टाइलवर पोचले. तिथे ऊन सगळ्यांत जास्त. तिच्यावर एकदा गोल फिरले, दुसऱ्यांदा गोल फिरले, आणि आडवे झाले. झोपले! ओल्या मातीवर, अंगाचं मुटकुळं करून, नाकावर शेपूट! वहिनी परत आल्या, मागे सुतारकाका, करवतीचा भुसा मिशीत. आम्ही तिघं मागच्या दारात उभे, हात जोडल्यासारखे.

"किती वेळ झोपेल?" काकांनी कुजबुजत विचारलं.

"साहेब आहेत," मी म्हटलं. "सुट्टी त्यांनीच मंजूर करायची."

दुपारचं जेवण आम्ही उभ्याने जेवलो. ते उठले, ताणले, पोटाखालची माती चाटून नाक मुरडलं आणि गेले. मागे उरला एक खळगा. पाठीचा बाक, मांडीची गोलाई, शेपटीची रेघ, आणि कडेला केसांच्या बारीक बारीक रेषा, ब्रशने काढल्यासारख्या. कुणी शिकवून येत नाही हे. कुणाला जमायचंही नाही.

वहिनींनी त्या खळग्यात हात ठेवला. "गरम आहे अजून," म्हणाल्या.

२१ मार्च

झोपेचा आनंद साहेबांना, झोपेचं खोबरं माझं. ती जाड टाइल तडकेल. वहिनी म्हणतात, ओल आत राहिली तर भट्टीत फुटेल आणि शेजारच्याही फोडेल. सावकाश वाळवायची. वर कागद, त्यावर फडकं. मी दर थोड्या वेळाने उचलून बघते. वहिनी म्हणतात, तू बघतेस म्हणूनच तडकेल.

१ एप्रिल

भट्टी भरली. सगळी वहिनींनी. मला हात लावू दिला नाही.

३ एप्रिल

उघडली!!

एक टाइल फुटली. मधली, साधी, एका पावलाची. तिच्याऐवजी एक सपाट बसेल. वहिनी म्हणाल्या, तिथे त्याने उडी मारली असं सांगू. झोपेच्या टाइलला मागून एक बारीक चीर, वर पोचलेली नाही. मला रडू यायचं बाकी होतं. वहिनी चिरेवरून बोट फिरवत म्हणाल्या, "झोपेत कूस बदलली असेल."

आणि माझी मांजरं! फळीभर! सगळी जिवंत! झिलई कुठे ओघळलीय, एकाला तीन डोळे झालेत, पण जिवंत! आम्ही दोघींनी एकेक उचलून रस्त्याकडच्या काचेच्या खिडकीत ओळीने लावली. रस्त्यावरून जाणारे थांबतायत. दोन शाळकरी मुली काचेला नाक लावून भांडत होत्या, ते जाडं माझं, नाही माझं. मी मागच्या खोलीत जाऊन एकटीच हसले.

९ एप्रिल

दवाखाना उघडला. गवंड्याने टाइल्स अप्रतिम बसवल्यात. दारातून आत, टेबलाला वळसा, पाण्याच्या पिंपापाशी तीच थबकलेली टाइल, मग आतल्या खोलीत, आणि खुर्चीच्या पायाशी साहेबांची झोप.

मी कोपऱ्यात उभी. पहिली आली ती एक पाच-सहा वर्षांची मुलगी, गालाला रुमाल बांधलेला, आधीच रडून लाल. दारात तिने चौकट धरली. आई ओढतेय. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघतायत. मी आणखीच मागे भिंतीला चिकटले!

वहिनी पुढे झाल्या. तिच्याशेजारी जाऊन उकिडव्या बसल्या, तिच्याकडे न बघता. पावलांकडे बघत, स्वतःशीच म्हणाल्यासारख्या, "कुठे गेला असेल बाई हा बोका? मला तर माग लागतच नाही."

मुलगी थांबली. रुमालातून म्हणाली, "इकडे."

"कुठे?"

"हे काय!" आणि चौकट सोडली! एकेक पावलावर आपलं पाऊल ठेवत निघाली. मागे वहिनी, मागे आई. सपाट टाइलपाशी थांबली. "इथे नाहीये."

"उडी मारली त्याने."

मुलीने उडी मारली. पुढे गेली. थबकलेल्या टाइलवर बसून निरखलं. "इथे घाबरला होता," म्हणाली. आपणहून! कुणी सांगितलं नव्हतं!

"हो. करवतीचा आवाज आला होता."

"मग?"

"मग बघितलं, काही नाही. मग पुढे गेला."

खुर्चीपाशी पोचली. खळग्यात दोन्ही पाय ठेवून उभी राहिली. मग वर बघितलं, खुर्ची दिसली, सगळं कळलं. तोंड वाकडं झालं. वहिनी म्हणाल्या, "तो इथे झोपला. तुला नाही सांगत झोपायला. नुसतं तोंड उघड."

उघडलं! रडली, पण उघडलं! तोंड उघडंच ठेवून रडली!

दिवसभर मग एक आणि एक. वहिनी त्या टेबलापाशीच. एका मुलाला म्हणाल्या, बोक्याचे दात कधी किडत नाहीत, तो मला विचारूनच खातो. एका बापाला दटावलं, ओढू नका हो, वाट चुकेल तो. डॉक्टरीणबाई आतून ओरडायच्या, पुढचं पाठवा! आणि वहिनी नाव पुकारायच्या, ठणठणीत आवाजात. असा आवाज होता त्यांना?

परत येताना मी बडबड बडबड. पुढच्या टाइल्सवर काय करायचं, शेपटीचा मग कसा टिकवायचा, चाक शिकवाल ना मला. वहिनी नुसत्या 'हं' म्हणत होत्या. मी म्हटलं, दमल्या असतील.

१२ एप्रिल

वहिनी पुढच्या एक तारखेपासून डॉक्टरीणबाईंकडे कामाला जाणार. समोरच्या टेबलावर. उद्घाटनाच्या दिवशीच ठरलं होतं, मला सांगायला तीन दिवस धीर गोळा करत होत्या.

"आणि इथलं?" मी.

"इथलं तू बघ." मग एकदम म्हणाल्या, "मला माती कधीच आवडली नाही गं. एक दिवससुद्धा नाही. तुझ्या दादाला आवडायची. तो गेल्यावर तू नोकरी सोडून धावत आलीस, म्हटलं आता हिच्यासाठी तरी बसायला हवं."

आणि मी इतके दिवस त्यांच्यासाठी बसले होते!

दोघींना एकदम हसूच फुटलं.

वहिनी आता झोपल्या आहेत. मी कारखान्यात येऊन बसलेय, भर दुपारी, एकटी. इथे आता कुणासाठीही थांबायची गरज नाही.

आणि मला जायचं नाहीये.